परदेशी विद्यापीठात प्रवेश मिळेल का? कोल्हापूरच्या मुलांचे आणि पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जून लागला की राजारामपुरीतल्या परदेशी शिक्षणाच्या पाट्यांखाली गर्दी वाढते, आणि माझ्याकडे येणाऱ्या मुलांचीही. मी शिवाजी विद्यापीठाची मेकॅनिकलची बी.ई. जर्मनीत मास्टर्स केलं, तिथं काही वर्षं नोकरी केली आणि कोल्हापूरला परत आले. रविवारी मुलांचे अर्ज वाचते, त्याचे पैसे घेत नाही. तेच तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवते आहे. प्रश्न ज्या शब्दांत येतात त्याच शब्दांत ठेवले आहेत.

ताई, माझे चान्सेस किती आहेत?

याचं उत्तर लगेच टक्क्यांत मागू नका. आधी हे बघा की तुम्ही अर्ज करताय तो कोर्स मुलांना मोजून घेतो की जोखून घेतो.

मोजून घेणारा कोर्स आपल्या पानावर अटी लिहून ठेवतो. इतके गुण, अमुक विषयांचे इतके क्रेडिट (विषयाच्या तासिकांवरून ठरणारं वजन), आयेल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेत इतका बँड. जर्मनीच्या सरकारी विद्यापीठांत असे कितीतरी कोर्स आहेत जिथं जागांवर मर्यादाच नाही. अटी पुऱ्या झाल्या की प्रवेश. एक अट हुकली की नकार, मग तुमचा प्रोजेक्ट कितीही गाजलेला असो. तिथं साठ टक्के, ऐंशी टक्के असं काही नसतं. हो असतं किंवा नाही असतं, आणि ते अर्ज करण्याआधी घरी बसून कळू शकतं. ब्रिटनमधले बरेचसे एक वर्षाचे मास्टर्स याच्या जवळ जातात.

अमेरिका बहुतांशी जोखते. गुण, शिफारसपत्रं, एसओपी (आपण काय केलं आणि पुढं काय शिकायचं आहे हे सांगणारा निबंध), प्रोजेक्ट हे सगळं समिती एकत्र वाचते, आणि त्या वर्षी वर्ग कसा भरायचा आहे तेही बघते. ८.९ सीजीपीएला नकार आणि ७.८ ला प्रवेश असं तिथं होतं. अशा ठिकाणी नेमका आकडा कुणीच सांगू शकत नाही. ते नेहमी घेतात त्या मुलांच्या तुम्ही जवळपास आहात की फार लांब, एवढंच ठरवता येतं.

यादी करताना प्रत्येक कोर्सपुढं "मोज" किंवा "जोख" असं लिहून ठेवा. पुढची मेहनत कुठं घालायची ते त्यावरून ठरतं.

तुम्हाला पहिल्याच वर्षी मिळालं होतं का?

नाही. पहिल्या वर्षी मी एका सल्लागाराच्या सांगण्यावरून सहा ठिकाणी मेकॅट्रॉनिक्सला अर्ज केले. त्यांनी माझे टक्के बघितले आणि "आरामात होईल" म्हणाले. सहाही ठिकाणांहून नकार आला. एका पत्रात कारण दिलं होतं: इलेक्ट्रॉनिक्स आणि कंट्रोल या विषयांचे क्रेडिट अपुरे. ही अट त्या कोर्सच्या पानावर पहिल्या दिवसापासून होती. आमच्या मार्कशीटवर तेव्हा क्रेडिट छापलेले नसत, पण सिलॅबसमधल्या तासिका मोजून एका संध्याकाळी कळलं असतं. ती संध्याकाळ मी काढली नाही आणि आई-वडिलांचं एक वर्ष आणि बरेच पैसे गेले. पुढच्या वर्षी प्रॉडक्शन इंजिनिअरिंगला अर्ज केले आणि तीन ठिकाणी प्रवेश मिळाला. माझे गुण तेच होते.

मोजायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

वही घ्या. जर्मनीपुरतं सांगते, कारण तिथं हिशेब सगळ्यात उघड आहे.

पहिला हिशेब गुणांचा. आपले गुण जर्मन श्रेणीत बदलायला "सुधारित बव्हेरियन सूत्र" वापरतात. कमाल गुणांतून तुमचे गुण वजा करा. आलेल्या आकड्याला, कमाल गुण वजा पास होण्याचे किमान गुण, एवढ्यानं भागा. तीननं गुणा आणि एक मिळवा. जर्मनीत १.० सगळ्यात चांगला आणि ४.० म्हणजे जेमतेम पास. समजा सीजीपीए ८.० आहे, कमाल १० आणि पास ४. मग १० वजा ८ म्हणजे २, भागिले ६, गुणिले ३, अधिक १. उत्तर २.० येतं. ७.० सीजीपीएचे २.५ होतात. कित्येक मास्टर्सची अट २.५ किंवा त्याहून चांगली अशी असते, म्हणजे ७.० ला तुम्ही बरोबर उंबऱ्यावर उभे असता.

इथं एक बारीक गोष्ट आहे जी मुलांच्या लक्षात येत नाही. पास होण्याचे किमान गुण ४ ऐवजी ५ धरले गेले तर त्याच ७.० चे २.८ होतात आणि अर्ज बाद. म्हणून मार्कशीटमागे किंवा ट्रान्स्क्रिप्टवर (सगळ्या सत्रांच्या गुणांचा विद्यापीठानं दिलेला एकत्र उतारा) किमान गुण स्पष्ट छापलेले आहेत का ते बघा. नसतील तर परीक्षा विभागाकडून तसं पत्र घ्या.

दुसरा हिशेब क्रेडिटचा. युरोपात एक वर्ष म्हणजे ६० ईसीटीएस (तिथले क्रेडिट), त्यामुळे चार वर्षांची बी.ई. किंवा बी.टेक. साधारण २४० धरायची. तुमच्या पदवीचे एकूण क्रेडिट समजा १७६ आहेत आणि त्यात गणिताचे २२. तर २२ गुणिले २४० भागिले १७६, म्हणजे ३०. कोर्सनं गणिताचे २५ मागितले असतील तर तुम्ही आत, ३५ मागितले असतील तर बाहेर. शेवटची मोजदाद विद्यापीठच करतं आणि ते एखादा विषय तुमच्यासारखा धरणार नाही, म्हणून काठावर असाल तर त्या विषयाचा सिलॅबस जोडून आधी ईमेलनं विचारा. बहुतेक ठिकाणी उत्तर येतं.

शिवाजी विद्यापीठाचं नाव बाहेर चालतं का? मला तर गावाचं नाव पण समजावून सांगावं लागेल.

चालतं. १९६२ चं विद्यापीठ आहे, नॅक या मूल्यांकन संस्थेचा ए प्लस प्लस दर्जा आहे. जर्मनीची अनाबिन नावाची सरकारी यादी आहे, तिथं आपल्या विद्यापीठापुढं कोणती खूण आहे ते स्वतः उघडून बघा. एच प्लस म्हणजे मान्यता. ब्रिटनची विद्यापीठं भारतासाठी वेगळं पान ठेवतात. काही जण भारतीय विद्यापीठांचे गट पाडतात आणि एका गटाला ६० टक्के तर दुसऱ्याला ६५ किंवा त्याहून जास्त मागतात. आपण कोणत्या गटात पडतो ते बघितल्याशिवाय "मला ६२ आहेत, होईल" असं म्हणू नका.

अमेरिकेत अडचण वेगळी आहे. अर्ज वाचणाऱ्याला आपल्या ७.५ चा अर्थ ठाऊक नसतो. आपल्याकडं पेपर कडक तपासतात हे त्याला कुणी सांगायचं? ते काम जीआरई या मास्टर्सच्या प्रवेशासाठीच्या सामायिक परीक्षेचे गुण करतात, आणि सरांचं पत्र: "साठ जणांच्या वर्गात ही तिसरी आली." वर्गातला क्रमांक मिळत असेल तर जरूर मिळवा.

बी.एस्सी. तीन वर्षांची आहे. अडेल का?

ब्रिटनमध्ये नाही, तिथली पदवीच तीन वर्षांची असते. अमेरिकेत विद्यापीठागणिक नियम बदलतो. काही जण सोळा वर्षांचं शिक्षण मागतात, काही जण पहिल्या वर्गातली आणि नॅकचा चांगला दर्जा असलेल्या संस्थेची तीन वर्षांची पदवी चालवून घेतात. एम.एस्सी. झाली असेल तर प्रश्न मिटतो. नव्या शैक्षणिक धोरणातलं चौथं ऑनर्स वर्ष करायचं का, हे ठरवताना हाही मुद्दा घरी बोला.

दुसऱ्या वर्षाला दोन केटी आहेत. संपलं का सगळं?

संपलं नाही. लपवू मात्र नका. ट्रान्स्क्रिप्टवर सगळं येतं आणि खोटं सापडलं तर मिळालेला प्रवेशही जातो. ब्रिटनची काही विद्यापीठं बॅकलॉगचा, म्हणजे केटींचा, आकडा विचारतात आणि त्याला मर्यादा ठेवतात. जोखणाऱ्या ठिकाणी चढता आलेख कामी येतो. दुसऱ्या वर्षी ६.१ आणि शेवटच्या वर्षी ८.४, हे वाचणाऱ्याला दिसतं. केटी कशात होती तेही दिसतं. डेटा सायन्सला अर्ज आणि केटी गणितात, तर त्याच विषयातलं काहीतरी पुढं चांगलं करून दाखवावं लागेल.

इंटरनेटवर गुण टाकले की चान्सेस सांगणारी पानं असतात. त्यांवर विश्वास ठेवू का?

अंदाजापुरता बघा, निर्णयासाठी नको. तिथली माहिती मुलांनी स्वतः भरलेली असते, आणि ज्याला प्रवेश मिळतो तो आनंदानं भरतो. ज्याला नकार येतो तो शक्यतो तिकडं फिरकत नाही. त्या पानाला तुमची एसओपी वाचता येत नाही आणि क्रेडिट मोजता येत नाहीत.

यापेक्षा चांगले पुरावे मोकळे पडलेले आहेत. अमेरिकेत पदवीच्या प्रवेशांसाठी बरीच विद्यापीठं दरवर्षी "कॉमन डेटा सेट" नावाचं कागदपत्र काढतात. त्यात किती अर्ज आले, किती घेतले, आणि गुण, निबंध, शिफारस यांतलं काय किती महत्त्वाचं मानतात, हे त्यांनी स्वतः भरलेलं असतं. मास्टर्ससाठी विभागाच्या पानावर वर्गाची माहिती मिळते. ती वाचताना चूक होते ती अशी: "मधल्या निम्म्या मुलांचे जीआरईच्या क्वांट (गणित) भागाचे गुण १६० ते १६८" असं लिहिलेलं असेल तर १५८ वाला मुलगा खचतो. अहो, त्या ओळीचा अर्थच असा की प्रवेश मिळालेल्यांतले पाव विद्यार्थी १६० च्या आसपास किंवा खाली होते. १५८ नं दार बंद होत नाही. दुसरी एखादी बाजू भक्कम हवी, इतकंच.

आणि विद्यापीठाचा एकूण स्वीकाराचा दर तुमच्या कोर्सला लावू नका. स्टॅनफर्ड, हार्वर्डमध्ये बारावीनंतर शंभरात चारच्या आसपास मुलं घेतात, तो आकडा तिथल्या प्रत्येक मास्टर्सचा नाही. उलट एखाद्या सोप्या वाटणाऱ्या विद्यापीठाचा कॉम्प्युटर सायन्स विभाग फार अवघड असू शकतो.

माझ्या मते सगळ्यात उपयोगी पुरावा म्हणजे आपल्याच विद्यापीठातून त्या कोर्सला गेलेली मुलगी किंवा मुलगा. लिंक्डइनवर शोधा, नम्रपणे दोन ओळी लिहा. "दादा, मी कोल्हापूरचा" म्हटलं की परदेशात बसलेला कोल्हापूरकर सहसा उत्तर देतोच.

किती ठिकाणी अर्ज करू? मित्र म्हणतो, पंधरा केले की एक तरी लागतोच.

मित्राचं गणित असं असतं: प्रत्येक ठिकाणी ३० टक्के शक्यता धरली आणि पाच अर्ज केले, तर सगळीकडून नकार येण्याची शक्यता ०.७ पाच वेळा गुणून साधारण १७ टक्के. म्हणजे एक तरी मिळण्याची ८३ टक्के. नाणं उडवताना हे बरोबर आहे. अर्जांना ते लागू होत नाही, कारण पाचही ठिकाणी तीच एसओपी, तेच गुण, तीच पत्रं जातात. एसओपी पोकळ असेल तर ती पाचही ठिकाणी पोकळच वाचली जाते. क्रेडिट कमी असतील तर पंधरा ठिकाणी कमीच भरतात. माझे सहा नकार हे सहा वेगळे नकार नव्हते, एकच चूक सहा ठिकाणी पोचली होती.

सहा ते आठ पुरेत. दोन अशी की जिथं अटींच्या बरंच वर आहात, तीन-चार बरोबरीची, दोन मनापासून हवी असलेली. पण त्या पहिल्या, सोप्या दोनांत प्रवेश मिळाला तर खरंच जाल का, हे स्वतःला विचारा. जाणार नसाल तर ती यादीत ठेवून उपयोग नाही. अमेरिकेच्या एका अर्जाला साधारण ७५ ते १२५ डॉलर लागतात. युनी-असिस्ट या अर्ज तपासणाऱ्या संस्थेकडून जाणाऱ्या जर्मन अर्जाला पहिले ७५ युरो, त्याच सत्रात पुढच्या प्रत्येकाला ३०.

जीआरई ऐच्छिक आहे. देऊ का?

तुमचं कॉलेज बाहेर अपरिचित असेल आणि तुमचं गणित चांगलं असेल तर द्या. वर सांगितलं तसं, आपल्यासाठी ती ओळखपत्रासारखी आहे. २०२३ च्या सप्टेंबरपासून परीक्षा दोन तासांच्या आत आली आहे आणि घरूनही देता येते. मात्र गुण त्या कोर्सच्या सरासरीच्या बरेच खाली आले तर ऐच्छिक ठिकाणी पाठवू नका. फी वीस हजारांच्या वर आहे, म्हणून सराव परीक्षेत स्थिर गुण आल्याशिवाय तारीख घेऊ नका. जीआरईचे गुण पाच वर्षं चालतात, आयेल्ट्सचे दोनच.

एसओपी कशी लिहायची? नमुना द्याल का?

नमुना देणार नाही, रागावू नका. नमुन्यांमुळंच सगळ्या एसओपी सारख्या होतात. "लहानपणापासून मला यंत्रांची आवड होती" हे वाक्य मी इतक्या वेळा वाचलंय की सही न बघता एसओपी कुठल्या क्लासची ते सांगता येईल.

तुमच्याकडं जे आहे ते मुंबई-बंगळूरच्या मुलांकडं नाही. शिरोलीच्या फाउंड्रीत आपली मुलं इंटर्नशिप करतात आणि एसओपीत फक्त "औद्योगिक अनुभव घेतला" असं लिहितात. एका मुलाला मी विचारलं, तिथं रोज काय करत होतास? तो सांगायला लागला: पंपाच्या बॉडीत ब्लो होल (ओतकामात राहणाऱ्या पोकळ्या) येत होते, रिजेक्शन वाढलं होतं, यानं तीन आठवडे वाळूतली आर्द्रता आणि त्या दिवशीचं रिजेक्शन एका वहीत लिहून ठेवलं आणि सकाळच्या पाळीत ओलावा जास्त असतो हे दाखवलं. मालकांनी वाळूची तपासणी दिवसातून दोनदा सुरू केली. मी म्हटलं, अरे, हीच तुझी एसओपी! मटेरियल्सच्या प्राध्यापकाला या वहीची किंमत कळते. कळलीही.

सिव्हिलची एक मुलगी २०१९ च्या महापुरात घरासकट अडकली होती. तिच्या पहिल्या मसुद्यात पुराचं वर्णन होतं, डोळ्यांत पाणी आणणारं. पण वाचणाऱ्याला तिच्या दुःखाबरोबर तिचा विचारही दिसायला हवा होता. दुसऱ्या मसुद्यात तिनं लिहिलं की राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, पण ४३ फुटांना नेमक्या कोणत्या गल्लीत पाणी येतं हे लोकांना आधी सांगणारं काही तिच्या भागात नव्हतं. म्हणून तिनं आपल्या परिसरातल्या भिंतींवरच्या पुराच्या खुणा मोजल्या आणि एक साधा नकाशा केला. तो नकाशा कुठं चुकला हेही लिहिलं. मला तो चुकीबद्दलचा परिच्छेद सगळ्यात आवडला. पुढं काय शिकायचं आहे हे त्यातूनच निघत होतं.

तुम्ही काय केलं, त्यातून कोणता प्रश्न उरला, आणि तो प्रश्न त्या विद्यापीठातल्या कोणत्या विषयाशी किंवा प्रयोगशाळेशी जोडलेला आहे, एवढं आलं की पुरे. आधी मराठीत बोलून रेकॉर्ड करा आणि मग इंग्रजीत लिहा. मुलं बोलताना खरं बोलतात, लिहायला बसली की इंग्रजीच्या धाकानं पुस्तकी होतात.

सर म्हणाले, "रेकमेंडेशन तूच लिहून आण, मी सही करतो." काय करू?

सरांना दोष देत नाही, एकेका वर्षाला त्यांच्याकडं ढीगभर मुलं येतात. पण तिन्ही पत्रं तुम्हीच लिहिली तर तिन्हींची भाषा एकच येते आणि वाचणाऱ्याला ते कळतं. त्याऐवजी सरांना एक पान मुद्दे द्या: त्यांच्या कोणत्या विषयात किती गुण, कोणता प्रोजेक्ट, कोणत्या दिवशी काय अडलं आणि कसं सुटलं. मग दहा मिनिटं समोर बसून त्यांना सांगू द्या. नाव मोठं पण ओळख नाही अशा प्राचार्यांपेक्षा तुम्हाला लॅबमध्ये रोज बघणाऱ्या मॅडमचं पत्र जास्त वजनाचं.

पत्र बहुधा विद्यापीठाच्या लिंकवरून थेट जातं आणि शिक्षकाचा कॉलेजचा ईमेल मागतात. सरांना कॉलेजचा ईमेल आहे का आणि ते तो उघडतात का, हे आधीच विचारा. मुदतीच्या रात्री यावरून पळापळ झालेली मी बघितली आहे.

बारावीनंतर लगेच जायचं आहे. तालमीकडून फुटबॉल खेळतो, त्याचा उपयोग होईल का?

अमेरिकेत होईल. तिथल्या कॉमन ॲपमध्ये (अनेक विद्यापीठांसाठीचा एकच ऑनलाइन अर्ज) दहा उपक्रम लिहायची जागा असते आणि प्रत्येकाला फक्त १५० अक्षरं. "फुटबॉल खेळतो" यावर ती घालवू नका. शाहू स्टेडियमवर किती हंगाम खेळलात, धाकट्या मुलांना शिकवलंत का, ते लिहा. घरच्या गोठ्याचं काम, भावंडांची जबाबदारी, दुकानात बसणं हेही उपक्रमच आहेत. आपल्याकडची मुलं ते लाजून सोडून देतात.

ब्रिटनमध्ये उलट. यूकास या तिथल्या सामायिक अर्जातून पाच पर्याय भरता येतात, ऑक्सफर्ड आणि केंब्रिज यांपैकी एकाच ठिकाणी एका वर्षी अर्ज करता येतो आणि त्याची मुदत १५ ऑक्टोबर. तिथं विषयाचं वाचन बघतात, फुटबॉल नाही. जर्मनीत नुसत्या बारावीवर थेट पदवीला प्रवेश सहसा मिळत नाही. जेईई ॲडव्हान्स्ड उत्तीर्ण असाल किंवा इथं पदवीचं एक वर्ष पूर्ण केलं असेल तर वाट मोकळी होते.

मुलीला परदेशात एमबीबीएसला पाठवायचं आहे. प्रवेश होईल ना?

काका, बऱ्याच देशांत प्रवेश सहज होतो, आणि म्हणूनच मला तुमची काळजी वाटते. विचारायचा प्रश्न हा की परत आल्यावर तिला इथं डॉक्टरकी करता येईल का. आपल्याकडची "नीट" ही वैद्यकीय प्रवेश परीक्षा उत्तीर्ण असणं सक्तीचं आहे. २०२१ च्या नियमांनुसार कोर्स किमान ५४ महिन्यांचा, इंग्रजी माध्यमातला, आणि त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप असलेला हवा. परतल्यावर परवान्याची परीक्षा आहे आणि इथलीही इंटर्नशिप आहे. यातली प्रत्येक गोष्ट कॉलेजकडून लेखी घ्या. कोर्सची वर्षं जुळवून दाखवणाऱ्या एजंटच्या तोंडी शब्दावर घर गहाण ठेवू नका.

सल्लागार फुकट सेवा देतात, "गॅरंटी" पण देतात. काय हरकत आहे?

फुकट नसतं. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडातली बरीच विद्यापीठं प्रवेश झालेल्या मुलामागं एजंटला कमिशन देतात. ते बेकायदा नाही, आणि चांगले सल्लागारही आहेत. पण ज्या विद्यापीठाकडून कमिशन येत नाही त्याचं नाव त्यांच्या यादीत सहसा नसतं, आणि जर्मनीची सरकारी विद्यापीठं त्यात येतात. सरळ विचारा: "या यादीतल्या कुणाकडून तुम्हाला पैसे मिळतात?" अर्जाचा पासवर्ड आणि ईमेल स्वतःकडं ठेवा. अमेरिकेसाठी एज्युकेशन यूएसए (तिथल्या सरकारची सल्ला केंद्रं) आणि जर्मनीसाठी डाड (जर्मन शैक्षणिक देवाणघेवाण संस्था) यांची माहिती विनामूल्य आहे.

चार एकर ऊस आहे. त्यावर शिक्षणाचं कर्ज मिळेल का?

बहुतेक बँका शेतजमीन तारण घ्यायला तयार होत नाहीत. २००२ चा सरफेसी कायदा शेतजमिनीला लागू नाही, त्यामुळं कर्ज थकलं तर बँकेला ती सहज ताब्यात घेता येत नाही. घर, एनए प्लॉट किंवा ठेव यांवर बोलणी होतात. हे मी प्रवेशाच्या पानावर लिहिते आहे, कारण पैशाची सोय हा शक्यतेचाच भाग आहे. जर्मनीच्या व्हिसासाठी ब्लॉक खात्यात (राहण्याचा खर्च आधीच भरून ठेवायचं खातं) ठेवायची रक्कम २०२४ च्या सप्टेंबरपासून वर्षाला ११,९०४ युरो झाली. प्रवेश हातात आणि ही रक्कम नाही, अशी मुलं मी बघितली आहेत.

शिष्यवृत्ती आधी बघा, यादी नंतर करा. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. १९२० साली लंडनचं शिक्षण पुरं करायला निघालेल्या बाबासाहेबांना शाहू महाराजांनी पैशांची मदत केली होती, त्या नात्यानं हे नाव मला फार जवळचं वाटतं. या योजनेत विद्यापीठ जागतिक क्रमवारीत ठरावीक क्रमांकाच्या आत असावं लागतं. मराठा विद्यार्थ्यांसाठी सारथी या राज्य शासनाच्या संस्थेची योजना आहे, इतर प्रवर्गांसाठी वेगळ्या आहेत. क्रमवारीची आणि उत्पन्नाची अट त्या वर्षीच्या जाहिरातीतूनच घ्या, कारण ती बदलत आली आहे. क्रमवारीबाहेरच्या विद्यापीठात प्रवेश घेऊन मग शिष्यवृत्तीला धावलेल्या मुलाला काही सांगणं फार जड जातं.

ॲडमिट आलं. आता व्हिसा नक्की ना?

नाही, ते खातं वेगळं. अमेरिकेसाठी मुंबईच्या वकिलातीत मुलाखत होते आणि तिथं तुमचा अभ्यासक्रम, पैसे आणि हेतू विचारतात. जर्मनीसाठी नोव्हेंबर २०२२ पासून एपीएसचा (कागदपत्रं खरी असल्याचा) दाखला लागतो, आणि तो यायला वेळ लागतो म्हणून अर्जांच्या आधीच काढा. कॅनडानं २०२४ पासून परवान्यांवर मर्यादा घातली आहे.

तयारी केव्हा सुरू करू?

पुढच्या वर्षीच्या ऑगस्ट-सप्टेंबरला जायचं असेल तर यंदाच्या मे-जूनमध्ये. गणपतीपर्यंत परीक्षा उरका. ट्रान्स्क्रिप्टचा अर्ज दिवाळीआधी विद्यापीठात द्या, कारण सुट्ट्या लागल्या की तुमची मुदत आणि ऑफिसची सुट्टी एकत्र येतात. अमेरिकेच्या बऱ्याच मुदती डिसेंबर-जानेवारीत असतात. अमेरिकेत आर्थिक मदतीसह प्रवेश आला असेल तर उत्तर द्यायला बहुतेक ठिकाणी १५ एप्रिलपर्यंत वेळ असतो, कुणी घाई केली म्हणून त्याआधी हो म्हणू नका.

सगळीकडून नकार आला तर?

आधी दोन दिवस काही करू नका. घरच्यांनाही सांगते: त्या दोन दिवसांत "तरी आम्ही म्हणत होतो" हे वाक्य नको. मग नकार मोजणाऱ्यांचे किती आणि जोखणाऱ्यांचे किती ते वेगळे काढा. मोजणाऱ्यांना कारण विचारा, ते सांगतात, आणि ते सहसा दुरुस्त करता येतं किंवा कोर्स बदलता येतो. जोखणारे कारण सांगत नाहीत. तिथं एसओपी अनोळखी माणसाला वाचायला द्या आणि वाचून झाल्यावर विचारा की या मुलाला काय करायचं आहे. त्याला एका वाक्यात सांगता आलं नाही तर काम तिथंच आहे.

तुम्ही माझं प्रोफाइल बघाल का?

हो, आनंदानं. येताना तीन गोष्टी आणा. सगळ्या मार्कशीट, केटीच्या सुद्धा. आठ कोर्सची हातानं लिहिलेली यादी, प्रत्येकापुढं मोज की जोख ते, आणि मोज असेल तर तुम्ही केलेला हिशेब. आणि तुम्ही केलेल्या एखाद्या कामाची वही किंवा फोटो, जे दाखवताना तुम्हाला बोलावंसं वाटतं. यादी अजून झाली नसेल तर विद्यापीठातल्या बॅरिस्टर खर्डेकर ग्रंथालयात दोन दुपार बसून करा आणि मग या. आई-बाबांना सोबत आणलंत तर पैशांचंही त्याच बैठकीत बोलता येईल.